पुढे जाऊ का?

“रिकाम्या खोलीला काय इचारू न्हाई, सुनबाई,” केसरबाई म्हणाल्या होत्या. “कुनी व्हय म्हनलं मग?”

“मग अपडेट होईल, आत्याबाई,” म्हणत मंजुषा हसली होती.

वडवणीत घरी बसून ती गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचे संगणक सांभाळायची. मांडीवर नुकतीच बसायला लागलेली लेक, संस्कृती. मागचं अपडेट ऐन दूध घेताना आपोआप सुरू झालं, वजनं उडाली आणि लोकांनी तिच्या नावानं शिमगा केला. म्हणून तिनं अपडेट चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये प्रश्न घातला: पुढे जाऊ का? केंद्रावरच्या माणसानं ‘हो’ टाइप केल्याशिवाय काही हलणार नव्हतं.

सगळीकडून ‘हो’ आलं. तलवाड्याहून आलं ‘व्हय’.

तलवाड्याचं केंद्र दिवाळीपासून बंद होतं. चालवणारं जोडपं ऊसतोडीला गेलेलं. संगणक तेवढा चालू राहिलेला.

लेकीला केसरबाईंजवळ ठेवून ती सकाळीच निघाली. केंद्राची किल्ली सांभाळणाऱ्या चुलत दीर अजिनाथनं कुलूप काढलं आणि नाकाला रुमाल लावला.

“उंदीर मेलाय का काय? तुमीच जा वहिनी, मी आत्ताच पोहे खाल्लेत.”

आत नासक्या दुधाचा वास घशातच उतरला. कॅन कोरडे ठणठणीत. कीबोर्डवर मात्र साय पसरलेली. जाड, पिवळट आणि कोमट. ओढणीनं पुसली तर बोटांच्या बेचक्यांत शिरली, लोंबायला लागली. दोन-तीनच बटणं स्वच्छ होती, चाटल्यासारखी.

तिनं स्क्रिप्टमधली प्रश्नाची ओळ खोडली. स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तरी स्क्रीनवर तोच प्रश्न आला.

पुढे जाऊ का?

नाही.

संस्कृतीला उचलू का?

हा प्रश्न तिनं लिहिलेला नव्हता. तिनं घाईनं टाइप केलं:

नाही.

प्रश्न परत आला. तिनं वायर उपटली. स्क्रीन विझेना. खोकायला म्हणून ती क्षणभर थांबली, तर उत्तराच्या जागी ‘व्ह’ उमटलं आणि बटणांखालून साय वर आली. तिनं ते खोडलं.

नाही.

घरी फोनची रिंग जात होती. कुणी उचलत नव्हतं. अजिनाथ गाडी घेऊन वडवणीकडे सुटला, पण पल्ला लांबचा.

नाही.

उजवा हात बटणांवर ठेवून ती डाव्या हातानं मोबाइलवर लिहिते आहे: हे वाचणारं कुणी वडवणीत असेल, तर बसस्टँडमागच्या आमच्या घरी जा. माझ्या संस्कृतीला बघा. झोपली असेल तर उठवा, रडू द्या.

आणि दार तिनंच उघडलं, तर आत जाऊ नका. तिला अजून उभं राहता येत नाही.