चूकदुरुस्तीची चौकट

कॉलेजच्या मासिकात तीन वर्षं माझ्याकडे एकच काम होतं: चूकदुरुस्ती. शेवटच्या पानाच्या तळाशी चार बोटांची चौकट, तिच्यात गेल्या अंकातल्या चुका. कुणाचं आडनाव चुकलेलं, कुणाचे गुण. आमच्या संपादकाला सगळे काका म्हणायचे, कारण विसाव्या वर्षीच त्याला टक्कल पडलं होतं. तो म्हणायचा, "सगळे चुका करतात म्हणून तुझी चूल पेटते."

आता पदवी हातात आलीय आणि मासिकाबद्दल काय आठवतं विचारलं, तर खरं काय तेच सांगता येत नाही.

शेवटच्या वर्षी मासिकाच्या खोलीच्या दाराखालून एक चिठ्ठी आली. पेन्सिलीचं बारीक अक्षर, सही नाही. "पान चार. कॅन्टीनची भिंत पिवळी नाही, हिरवी आहे."

आम्ही खिडकीतून पाहिलं. भिंत हळदीसारखी पिवळी.

"असेल कुणी रिकामटेकडा," काका म्हणाला. चौकट भरत नव्हती, म्हणून गंमत म्हणून छापली.

अंक वाटला त्या सकाळी भिंत हिरवी होती. ठिकठिकाणी पोपडे आलेले. मी एक पोपडा नखाने उचकटला. खाली जुना हिरवाच थर.

"रंग कधी दिलात?" मी कॅन्टीनवाल्याला विचारलं.

"कसला रंग? दहा वर्षांत ब्रश नाही लागला भिंतीला."

काकाला ओढत आणलं. तो माझ्याकडेच बघत राहिला. "हिरवीच होती की. आपण चुकून पिवळी लिहिलं, म्हणून तर दुरुस्ती छापली."

अभ्यासाने डोकं फिरलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढच्या महिन्यात दुसरी चिठ्ठी. "पान दोन. ग्रंथपालांचा कुत्रा मेलेला नाही." त्यांची मुलाखत मीच घेतली होती. कुत्र्याबद्दल सांगताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले होते. तरी काकाने चिठ्ठी छापली. अंक निघाला त्या दुपारी ग्रंथपाल मैदानावर कुत्र्याला फिरवत होते, खुशीत शीळ घालत. कुत्रं मात्र दोरी ताणून, होईल तितकं त्यांच्यापासून लांब चालत होतं.

मग आमचे निरोपाचे लेख छापून आले. मी ताईबद्दल लिहिलं होतं. ती माझ्याआधी याच मासिकात होती, पहिल्या दिवशी तिनेच मला हाताला धरून इथे आणलं होतं.

आठवड्याने तिसरी चिठ्ठी. "पान अकरा. ताईला धाकटी बहीण नाही."

मी चिठ्ठीचे बारीक तुकडे केले. कुणाला दाखवली नाही. काकाला बजावलं, या वेळी चौकट कोरी सोड.

वर्षाचा शेवटचा अंक आला. चौकट भरलेली होती. तेच वाक्य.

"कुणी दिलं हे?"

"तूच फोनवर सांगितलंस," काका म्हणाला. "हसत होतीस."

मी तडक बस पकडली. घरी फोन लावायची हिंमत झाली नाही.

भर दुपारी दारात उभी राहिले. बेल वाजवली.

ताईनेच दार उघडलं. ओले केस, खांद्यावर टॉवेल.

माझ्या जिवात जीव आला. "ताई!"

ती हसली. बाजूला झाली.

"मासिकातून आलात ना? या, बसा. मघाशी फोनवर म्हणालातच तुम्ही, एकदा खात्री करायला येईन."