दुखणं सांगायचा नियम

पाण्याची ती धार खरं तर मैदानाच्या कोपऱ्यात पेटवलेल्या कडब्यावर जायची होती. पण अग्निशमनाच्या प्रशिक्षणाला जमलेल्या पोरांतल्या हरीओमच्या हातातून पाइप निसटला, सापासारखा वळवळला, आणि ग्रंथालयात पुस्तक परत करायला निघालेल्या पौर्णिमेला डोक्यापासून चपलांपर्यंत भिजवून मोकळा झाला. मे महिन्यातली वाशिमची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ही पोरगी कॉलेजच्या मैदानात मधोमध ओलीचिंब उभी! पोरं फिदीफिदी हसायला लागली.

एक जण तेवढा हसला नाही. अग्निशमन दलाच्या निळ्या गणवेशातला तो तरुण धावतच तिच्यापाशी आला.

"कुठी लागलं का?"

"नाही."

"डोळ्यात धार नाही ना गेली? पाय मुरगळला? नीट सांगा. पाण्याच्या धारेनं डोळा जाते माणसाचा."

"म्हटलं ना, नाही लागलं..."

"मग रडून काहून राह्यल्या?"

"रडून नाही राह्यली मी! पाणी आहे ते — तुमचंच!"

तो ओशाळला, आणि मग हसला. हसताना मान जराशी खाली घालायची त्याची सवय होती. पौर्णिमा तरातरा निघून गेली खरी, पण खोलीवर जाऊन केस पुसताना तिच्या लक्षात आलं, की त्या पाण्यात थोडं तिचंही होतं.

आता रडण्यासारखं काय झालं होतं? काही नाही, तेच तर! आई जाऊन दोन वर्षं झाली होती. वडील, माणिकराव, नातवाला सांभाळायला पुण्याला तिच्या भावाकडे गेले ते तिकडचेच झाले. अनसिंगजवळच्या गावातल्या घराला कुलूप. सुट्टी लागली तशा मैत्रिणी आपापल्या गावी पांगल्या, आणि ही एकटी कमलीबाईच्या भाड्याच्या खोलीत उरली. कमलीबाईला ऐकू येत नसे. म्हणजे कित्येक दिवसांत तिच्याशी कोणी बोललं असेल तर एवढंच, "सुट्टे द्या, ताई." आणि आज एका परक्या माणसानं एका दमात तिला चार प्रश्न विचारले, तेही तिच्याबद्दलचे. माणसाला भूक लागली आहे हे कधीकधी घास तोंडात पडल्यावरच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रशिक्षणाला नाव नोंदवून आली. आगीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. खोटं कशाला बोला?

प्रशिक्षणाचे मुख्य होते मोहनसिंग साहेब, पांढऱ्या मिशांचे, अग्निशमन केंद्रातले सगळ्यात जुने. पोरं आली होती शिडीवर चढायला, आगीत उडी मारायला. साहेबांनी पुढचे दोन दिवस शिकवलं काय, तर ओझं कंबरेतून नाही, गुडघ्यातून उचलायचं. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. धुरात उभं राहायचं नाही, रांगायचं.

"अन् सगळ्यात मोठा नियम ऐका," ते म्हणाले. "आत कोणी एकटं जाणार नाही. जोडीनं जायचं. अन् टोपी घालायच्या आधी जोडीदाराले विचारायचं, आज कुठं दुखते? त्यानं खरं सांगायचं. लाज नाही, शरम नाही. लपवलेलं दुखणं धुरात जाऊन दोघायले मारते."

"साहेब, माहं दिल दुखून राह्यलं!" हरीओम ओरडला.

"असं? मग मैदानाले चकरा मार. दिल हाय का गॅस हाय, समजते."

पोरांनी जोड्या आधीच लावल्या होत्या. उशिरा आलेली पौर्णिमा उरली. उरायची तिला सवय होती म्हणा. तेवढ्यात तो निळ्या गणवेशातला, संघदीप त्याचं नाव, पुढे आला आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "यायची जोडी मी होतो, साहेब."

अन् मग रोज सकाळी, कडुनिंबाखाली, तोच एक प्रश्न.

"आज कुठं दुखते?"

"कुठंच नाही."

"जेवल्या का?"

"ते दुखण्यात येते का?"

"रिकाम्या पोटी उन्हात चक्कर येते. येतेच की."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "टाच. नवा बूट लागून राह्यला." त्यानं कुठूनसा कापूस आणून दिला. आणखी काही दिवसांनी ती म्हणाली, "डोकं."

"काहून?"

"झोप नाही झाली. खोली लय... शांत आहे."

तो पुढे झाला. तिच्या टोपीचा पट्टा हनुवटीखाली नेऊन अडकवू लागला. त्याचे डोळे पट्ट्यावर, तिचे त्याच्या पापण्यांवर. कडब्याच्या राखेचा एक कण तिथं बसला होता. फुंकर मारावी का? छे, बाई! मैदानभर पोरं बसली होती.

"घट्ट झाला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग श्वास काहून रोखून धरला?"

"तुमीच शिकवलं ना, धुरात श्वास जपून घ्यायचा."

"इथं कुठी धूर आहे?"

"मले काय माहीत... डोळे तं चुरचुरून राह्यले."

तो मान खाली घालून हसला. त्या दिवशी ती खोलीवर गेली तेव्हा बहिऱ्या कमलीबाईशी अर्धा तास बोलली. कमलीबाईनं सगळं ऐकल्यासारखी मान डोलावली आणि विचारलं, "जेवली का व, पोरी?"

पण पौर्णिमेनं उलट विचारलं, "तुमचं कुठं दुखते?" की संघदीपचं उत्तर ठरलेलं. "आपलं सगळं ठणठणीत!"

एकदा माठातलं पाणी पिता पिता त्यानं सांगितलं, की तो कारंज्याचा. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानं वाढवलं, आता आत्याही नाही. केंद्रामागच्या एका खोलीत तो राहत होता. "गाडीवरचे तिघं अन् मी, हेच घर," तो म्हणाला. "खरं सांगू? भोंगा वाजला की बरं वाटते मले. लोकायचं जळते, वाईटच आहे ते. पण कोणीतरी हाक मारते ना, संघदीप, चल! नाही तं कोण मारते हाक?"

पौर्णिमेनं त्याचा रिकामा पेला घेऊन पुन्हा भरला. त्याचं दुःख तिला समजावून घ्यावं लागलं नाही. ते तिच्या घरचंच होतं. त्याच क्षणी, माठाशेजारी उभ्या उभ्या, तिला कळून चुकलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत.

आणि प्रेमात पडलेलं माणूस फार बघतं, हा एक त्याचा वाईट गुण. तिच्या लक्षात आलं, की तो पट्टा बांधतो उजव्या हातानं, शिडी धरतो उजव्या हातानं, आणि डाव्या बाजूच्या फळीवरची टोपी काढायची तर अख्खा वळतो.

"डावा हात वर करा," एका संध्याकाळी ती म्हणाली. बाकीची पोरं गेली होती.

"कायले?"

"करा ना."

तो इकडे तिकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाही जात वर. रिसोडच्या गोदामात सोयाबीनले आग लागली होती ना, तिथं शिडी घसरली. खांद्यावर आपटलो."

"साहेबायले माहीत आहे?"

"नाही. सांगितलं की गाडीवरून खाली उतरवते. मग फोनपाशी बसा. गाडी जाईन, तिघं जातीन, अन् मी भोंगा ऐकत बसू?" त्यानं उजव्या हातानं तो खांदा झाकला. "कोणाले सांगू नको, पौर्णिमा."

नका नाही, नको! त्यानं पहिल्यांदाच तिला अशी हाक मारली होती. तिचं काळीज आनंदानं उडालं आणि त्याच वेळी धसकलंही. तिनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या जुन्या इमारतीत ओला कडबा पेटवून धूर केला होता. जोडीनं आत रांगत जायचं, वरच्या खोलीतून रेतीचं पोतं माणूस समजून उचलायचं, आणि खिडकीतून शिडीवरून खाली आणायचं. शिडीवर पोत्याचा भार घ्यायचा संघदीपनं.

मोहनसिंग साहेब दर जोडीला मोठ्यानं विचारत होते. हिची पाळी आली.

"कुठं दुखते?"

"ठणठणीत, साहेब!" संघदीप म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"अन् पौर्णिमा? तुही जोडी तयार?"

काय करावं तिनं? एक होकार दिला की रोजची सकाळ, तो कडुनिंब, तो प्रश्न, सगळं शाबूत. बोललं की सगळं गेलं. तो पुन्हा तोंड बघणार नाही. पुन्हा ती खोली, पुन्हा "सुट्टे द्या, ताई". पण आज रेतीचं पोतं होतं. उद्या शिडीवर खरं लेकरू असेल, आणि खाली हा.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "यायचा डावा खांदा वर जात नाही. मी यायच्यासंगं आत जात नाही... अन् यायलेही जाऊ देऊ नका."

साहेब संघदीपसमोर येऊन उभे राहिले. "हात वर कर." त्यानं उजवा केला. "दुसरा." डावा हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. साहेबांनी स्वतःच्या हातांनी त्याच्या डोक्यावरची टोपी काढली.

जाता जाता तो तिच्यापाशी थांबला. "तुले सांगालेच नव्हतं पायजे," एवढंच म्हणाला.

परीक्षा तिनं दुसऱ्या एका जोडीसोबत दिली. पास झाली. हरीओमनं पेढा पुढे केला, तो तिनं कमलीबाईसाठी बांधून घेतला.

मग ते रिकामे दिवस! संध्याकाळी ती मुद्दाम अग्निशमन केंद्राच्या रस्त्यानं जाई. खिडकीत तो दिसे, समोर फोन, आणि नजर त्या फोनवर. तो वर बघत नसे. एकदा तर तिनं केंद्राचा नंबर लावला, नुसता आवाज ऐकायला... आणि घंटी वाजायच्या आत तोडला. आग लागल्याशिवाय तिथं फोन करू नये, हेही त्यानंच शिकवलं होतं. कमलीबाईजवळ बसून ती एका संध्याकाळी पोटभर रडली. म्हातारीला काही ऐकू आलं नाही, पण तिनं पाठीवरून हात फिरवला.

प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी मोहनसिंग साहेबांनी तिला बाजूला घेतलं.

"संघदीप सकाळच्या बसनं अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात गेला, पोरी. उद्या खांद्याचं ऑपरेशन हाय. म्हटलं, कोणाले संगं देतो. नाही म्हणे. डॉक्टर म्हणे अजून एक झटका बसता तं हात कामातून गेला असता."

"माह्यावर लय रागावले असतीन..."

"रागावला नाही तो. लाजला हाय. लाजलेलं माणूस रागावल्यासारखंच दिसते."

प्रमाणपत्र तसंच पिशवीत कोंबून तिनं बसस्थानक गाठलं. मालेगाव गेलं, पातूर गेलं. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता आणि ती वाक्यं जुळवत होती. मी चुकली नाही, पण... असं म्हणावं? की माफ करा? की काहीच नको, नुसतं बघून परत यावं? एकही वाक्य अकोल्यापर्यंत टिकलं नाही.

वॉर्डाच्या दारात ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. दर खाटेभोवती माणसांचा गराडा. कोणी डबा उघडतंय, कोणी पाय चेपतंय. शेवटच्या एका खाटेशी तेवढं कोणी नव्हतं. तिथं संघदीप भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि सिस्टर त्याच्यावर खेकसत होत्या.

"पेशंटसंगं कोण हाय?"

"कोणी नाही, सिस्टर."

"कोणी नाही म्हणजे? संगं माणूस पायजेच. उद्या शुद्धीवर आला की पाणी कोण पाजन? उठून कोण बसवन?"

"करीन मी माह्या हातानं."

"हातच तं कापाले आला ना, बाप्पा!"

"मी आहे," पौर्णिमा दारातूनच म्हणाली.

संघदीप वळला. नुसता बघतच राहिला. सिस्टरनी तिला खालून वर न्याहाळलं. "तू कोण व याची? बहीण?"

"नाही!" दोघं एकदमच ओरडले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला.

"मग कोण?"

पौर्णिमेनं पिशवी पोटाशी धरली. "मी... आमी संगं..."

"घरची आहे," संघदीप म्हणाला. हळू म्हणाला, पण खाली मान घालून नाही. तिच्याकडे बघून म्हणाला.

"घरची हाय तं इतक्या उशिरा येतेत का?" सिस्टर करवादल्या. "जा, पाणी भरून आण. झोपायच्या आधी पाजून घे, मग थेंबही द्यायचा नाही." आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

पौर्णिमा खाटेच्या कडेला टेकली.

"लय राग आला होता तुहा," तो म्हणाला.

"अजून आहे?"

"थोडासा."

"असू द्या. रागावून बसा, पण गोठ्यातल्या बैलासारखे एकटे बसू नका. आवडता तुमी मले. खिडकीतून तुमचं तोंड पाहू पाहू जीव गेला माहा." आणि तिचा आवाज फुटला. "हात बरा झाला की जा गाडीवर, कोण अडवते? पण परत यायचं ते माह्याकडं यायचं."

त्यानं उजव्या हातानं तिची बोटं धरली. भरल्या वॉर्डात, सगळ्यांदेखत. "येईन," तो म्हणाला. आणि मग, डोळे पुसत, "पाणी आण आधी. सिस्टर मारतीन दोघायले."

ती बाटली घेऊन जिना उतरली. खाली नळाशी ही रांग! पुढं उभ्या असलेल्या लुगड्यातल्या बाईनं सहज मागं वळून विचारलं, "तुहं कोण हाय व वर?"

"आमचे हे," पौर्णिमा म्हणून गेली, आणि लाजून तिनं जीभ चावली.