वैशाखातलं गरम पाणी

“आधी भिंतीले हात लाव, पोरी. मशीन मंग पाहजो.”

तिला दुरुस्तीचं काम शिकवणाऱ्या नत्थूजी लांजेवारांचा हा आवाज अनसूया भोयरला प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर ऐकू यायचा. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. चंद्रपुरातल्या घरांचा गारवा सांभाळणाऱ्या दुरुस्ती पथकाची आता ती प्रमुख होती, तरी ती सवय सुटली नव्हती. रुक्माबाई देवतळ्यांच्या खोलीत शिरताच तिनं भिंतीला तळहात टेकला.

भिंत कोमट होती.

“बत्तीस अंश झालं गं आज,” रुक्माबाई हळूच म्हणाल्या. “अजून चैत्रच आहे.”

पलंगावर दिगंबरराव पडून होते. मणक्याच्या दुखापतीपासून त्यांच्या अंगाला घाम येत नसे. खोली तेहतिसाच्या वर गेली, की त्यांना ताप चढे. बाहेर वैशाखात पारा एकोणपन्नासला टेकायचा.

“अनू, यंदा मला शिजवूनच वाढणार वाटतं,” ते हसत म्हणाले.

“अहो, गप्प बसा,” रुक्माबाईंनी त्यांच्या कपाळावरचं ओलं फडकं बदललं.

गल्लीतली सगळी घरं भूशीतकावर चालत. अंगणात साठ मीटर खोल बोअर, त्यात पाण्याची बंद नळी, आणि तीच नळी पुढे खोलीच्या भिंतींतून फिरवलेली. पाणी खोलीतली उष्णता घेऊन खाली जाई, ती जमिनीला देई आणि निवून वर येई. देवतळ्यांकडे त्याला जोडलेला फक्त एक लहान पंप होता. तो छतावरच्या सौरपट्टीवर चाले, म्हणून दुपारी वीज गेली तरी त्याला फरक पडत नसे. बाकीच्यांनी आपापल्या बोअरला मोठी शीतयंत्रं जोडून घेतली होती. दुपारच्या वीजकपातीत ती बंद पडत, आणि घरची माणसं ओल्या चादरी पांघरून वेळ काढत. दिगंबररावांना तेवढा वेळ काढता येणार नव्हता.

अनसूयानं पंप उघडला. सव्वीस वर्षांचा, पण नव्यासारखा फिरत होता. नळीत गळती नव्हती, गाळ नव्हता. तिनं मनोमन नत्थूजींना हात जोडले आणि डॉ. नलमवारांना बोलावलं.

डॉ. कार्तिकेय नलमवार जमिनीतल्या उष्णतेचे अभ्यासक. त्यांनी अंगणाच्या चारी बाजूंना मोजणीसाठी ठेवलेल्या अरुंद भोकांत तापदोर सोडले. जागोजागी तापमान मोजणाऱ्या त्या दोऱ्या तासाभरानं वर ओढल्या, तेव्हा त्यांच्या भुवयाही वर गेल्या होत्या.

“यंत्र निर्दोष आहे, बाई. जमीनच तापलीय.”

“यांच्यामुळे?”

“छे! यांचा हिशेब चोख आहे. चार महिने उष्णता जमिनीत टाकतात आणि बाराही महिने थोडी थोडी परत उपसतात. कशानं उपसतात हो?”

“ऊबरहाटानं,” रुक्माबाई म्हणाल्या. “नत्थूजींनीच बसवला. रहाटानं पाणी काढावं तशी जमिनीतली ऊब काढून न्हाणीघरातलं पाणी तापवतो. पहाटे रोज तेच पाणी घ्यायचं, वैशाखातसुद्धा. नेम समजा म्हणाले होते. यांना गरम पाण्यानं बरंही वाटतं.”

“वैशाखात गरम पाणी!” नलमवार हसले. मग त्यांचं हसू मावळलं. “थांबा. थंडी इथं दीड महिन्याची. तेवढ्यापुरतं पाणी तापवून चार महिन्यांची उष्णता निघायची नाही. बाराही महिने काढली, तर मात्र बरोबर फिटते. तो माणूस किती शिकला होता?”

“सातवी,” अनसूया म्हणाली.

“आम्ही हे गणित सांगायला जाडजूड अहवाल लिहितो. त्यानं नेम लावून दिला, आणि सव्वीस वर्षं तो पाळलाही गेला.”

अनसूया पंपाचं झाकण लावू लागली. त्या नेमाला तिनं म्हाताऱ्या माणसाचं देवभोळं खूळ समजून सोडून दिलं होतं.

“मग ही जास्तीची उष्णता आली कुठून?” रुक्माबाईंनी विचारलं.

“पूर्वेकडून. मातीतून उष्णता फार सावकाश सरकते, काकू. वीसेक मीटरला दहा वर्षं धरा. म्हणजे दहा वर्षांपूर्वी, वीस मीटरवर कुणीतरी उपसा थांबवला आणि टाकणं वाढवलं. त्यांना कळलंही नसेल. मोठं यंत्र तापल्या जमिनीवरही रेटून चालतं. तुमचा साधा पंप मात्र जमीन जशी आहे तशी सांगतो.” नलमवारांनी कुंपणाकडे बोट केलं. “पलीकडे कोण राहतं?”

कुंपणापलीकडे घराच्या दारावर पितळी पाटी चकाकत होती. उत्तम ऊर्जाबचतीबद्दल मिळालेली. बरोबर दहा वर्षांपूर्वी, ऊबरहाट भंगारात देऊन छतावर सौरबंब आणि खाली मोठं शीतयंत्र बसवल्याबद्दल.

“मी,” अनसूया म्हणाली.

 

“आज जमिनीत टाकणं बंद केलं तर?” तिनं विचारलं.

“करायलाच हवं. यंत्राची उष्णता वाऱ्यावर सोडा, जमिनीत नको. पण वाटेला लागलेली उष्णता परत फिरत नाही. कालपर्यंत जी टाकलीत, ती अजून दहा वर्षं इथं येत राहणार.” नलमवारांनी बोटांवर काही मोजलं. “एक उपाय आहे. याच बोअरमधून दुप्पट ऊब काढायची. पहाटे ती काढली, की बोअर निवतो आणि दुपारी तोच गारवा खोलीत येतो. रोज दोन घरांचं पाणी इथं तापलं, तर वैशाखातही खोली एकतीसच्या आत राहील. दोन-चार दिवस चुकलं, की उष्णता पुन्हा चढेल.”

“आम्ही दोन म्हातारी माणसं. एवढं पाणी कुठं ओतायचं?”

“माझ्या घरी पाच माणसं आहेत, काकू,” अनसूया म्हणाली. “उद्यापासून आमच्या अंघोळी तुमच्या पाण्यानं.”

“वैशाखात? कढत पाण्यानं? पोरं तुला शिव्या देतील!”

“देऊ देत.”

“आणि किती दिवस?”

“दहा वर्षं.”

रुक्माबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी रागवावं असं अनसूयाला वाटत होतं, पण त्या रागावल्या नाहीत. “मग नेमच म्हण की,” एवढंच बोलून त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

“कुंपणातून नळी टाकून देतो,” जाता जाता नलमवार म्हणाले. “आठ दिवस लागतील.”

“टाका. तोवर घागरी आहेत.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास घरचे सगळे अंगणात झोपलेले होते. हवा आत्तापासूनच उबट झाली होती. अनसूयानं देवापाशी दिवा लावला, पदर खोचला आणि दोन रिकाम्या घागरी उचलून कुंपणाच्या फाटकातून पलीकडे गेली. घागरी खाली ठेवून तिनं आधी दिगंबररावांच्या खोलीच्या भिंतीला बाहेरून हात लावला. मग ती ऊबरहाटाकडे वळली.