मिशीत अडकलेलं वाक्य

तो पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, खांद्यावर तारेचं वेटोळं होतं आणि मिशी अशी होती की तिच्यामागे तोंड आहे, हे गृहीतच धरावं लागत होतं.

"केबलची तक्रार तुमचीच ना?"

"मागच्या महिन्यातली," मी म्हटलं. "या."

माझ्या आईला ऐकू येत नाही. तरुणपणी ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला, असं ती सांगते. ती ओठ वाचते. घरी येणारे पाहुणे तिच्या देखत मला विचारतात, "हिची तब्येत कशी आहे?" मीही कामाच्या नादात पाठ करून बोलते, आणि मग तिचं ठरलेलं वाक्य येतं, "तोंड इकडे कर." तिच्याकडे सरळ बघून बोलणारं माणूस म्हणजे टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई. आणि एक दिवस त्या बाईचे ओठच गेले. चेहरा होता, केस होते, मध्ये नुसता गुलाबी डाग.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आधी आईचेच तपासले. नंबर होता तिथेच होता. त्याच आठवड्यात दुकानात रांग लागली. सगळ्यांची एकच तक्रार, लांबचं दिसत नाही, आणि लांबचं म्हणजे टीव्ही. तक्त्यावरची शेवटची ओळ मात्र सगळे धडाधड वाचत होते.

त्याने बॉक्स उघडला, तार बदलली, रिमोटची बटणं उगाच दाबली. मग आमच्या टीव्हीकडे दुःखाने पाहिलं.

"संच जुना झालाय. नवा घेतलात तर…"

"आणि तुमचा चष्मा?"

"तो चांगला आहे. फक्त काडी तुटलीय."

"मग आमचा टीव्हीही चांगला आहे. फक्त तुमची कंपनी…"

तो हसला असावा. मिशी हलली.

ऑफिसला फोन करायला तो गॅलरीत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. आई खुर्चीतून त्याच्याकडे बघत होती. आपला आवाज किती मोठा आहे, हे तिला कधीच कळत नाही.

"तो म्हणतोय, साहेब, चित्राचा दर्जा आपणच मुद्दाम उतरवलाय, आणि मी…" ती थांबली. "पुढचं मिशीत गेलं."

तो आत आला.

"पुढचं काय होतं?" मी विचारलं.

"कशाच्या पुढचं?"

"'आणि मी'च्या. आई ओठ वाचते."

त्याचे कान लाल झाले. आता हा मला काहीतरी थाप मारणार, असं मी धरून चालले होते. पण तो माझ्याकडे वळलाच नाही. आईसमोर जाऊन म्हणाला, "आणि मी घरोघर खोटं बोलत फिरतोय, काकू."

"काय?"

"मिशी," मी म्हटलं.

त्याने दोन बोटांनी मिशी वर धरली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. माझं जे काही व्हायचं ते बहुधा तिथेच झालं. पण मी लगेच कबूल करणाऱ्यांतली नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. एकाच तारेत जास्त चॅनेल कोंबायचे म्हणून प्रत्येकाचं चित्र पातळ केलं होतं आणि दोष संचाला द्यायचा, असा वरून हुकूम होता. चित्र परत आणणं त्याच्या हातात नव्हतं. "लोकांनी लावून धरलं तरच," तो म्हणाला.

मी लावून धरायचं ठरवलं. दुकानात येईल त्याला सांगू लागले, "डोळे ठणठणीत आहेत. चष्मा नको, केबलवाल्यांना फोन लावा." मालक म्हणाले, माझ्या पोटावर पाय देतेस. मी म्हटलं, नको तो चष्मा विकला तर तीच माणसं उद्या भांडायला येतील.

रविवारी तो पुन्हा आला. मिशी नव्हती. चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा दिसत होता.

"आता कळतंय," आई खूश होऊन म्हणाली.

तो तिच्यासमोर बसला आणि तिच्या मालिकेचा आठवडाभराचा मजकूर सांगू लागला. सासू तोच, वकील तोच, पळून गेलेला धाकटा दीरही तोच.

"तुम्हाला मालिका आवडतात?" मी नंतर विचारलं.

"छे. डोकं उठतं."

"मग बघता कशाला?"

"काकूंचा आठवडा चुकायला नको."

मी त्याच्या चष्म्याला नवी काडी बसवली. कानामागे ती नीट बसते का, बघायला हवं होतं.

"हलू नका."

तो पुतळ्यासारखा ताठ बसला.

"श्वास तरी घ्या."

"तुम्हीच म्हणालात, हलू नका."

तो दर रविवारी येऊ लागला. मी याला तक्रार निवारण म्हणत होते. शेजारीण वेगळंच काहीतरी म्हणत होती.

आणि एका संध्याकाळी बातम्यांच्या बाईचे ओठ परत आले. फोन उचलून उचलून कंपनी टेकीला आली होती. आई पडद्याकडे बघून मान डोलावत होती, मध्येच त्या बाईला उत्तरंही देत होती. मला फार आनंद झाला. मग लक्षात आलं, आता त्याला यायचं काही कारणच उरलं नाही. इतका आटापिटा करून चित्र परत आणलं आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, थोडं धूसर करा हो.

रविवारी तो आला, पण बसला नाही.

"चित्र आलं."

"आलं."

"म्हणजे… तक्रार मिटली."

"मिटली."

"मग मी—एकदा तार बघून घेतो."

तो गॅलरीत गेला, दार ओढलं, फोन कानाला लावला. तारेकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. आईने बातम्यांवरून नजर काढली.

"हा फोनवर बोलत नाहीये," ती म्हणाली. "माझ्याशी बोलतोय. म्हणतोय, काकू, चित्र नीट झालं तरी मी येत जाऊ का…" ती पुढे सरसावली. "म्हणतोय, तुमची मुलगी मला आवडते. तिच्या तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही. तुम्ही सांगाल का?"

खालच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला. माझा चेहरा तापला होता. मी काचेपाशी गेले. पलीकडे त्याने फोन कानावरून खाली घेतला. मी आवाज न करता एकच शब्द म्हटला. त्याला ओठ वाचता येत नाहीत, पण तेवढं त्याने वाचलं.

"तू काय म्हणालीस?" मागून आईचा आवाज. "तोंड इकडे कर."

मी वळले आणि तिच्याकडे बघून सावकाश म्हणाले, "हो म्हणाले, आई."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग काचेपलीकडे त्याच्याकडे. रिमोट उचलला आणि बातम्या चालू असतानाच टीव्ही बंद केला.

"आत ये रे," ती त्याला म्हणाली. "इथे समोर बस, आणि आता पहिल्यापासून सगळं सांग."