आल्हादचा ट्रॅक्टर

दिवा राहू दे लागलेला, अर्णव. ज्याच्यावर हे गुदरलं तो श्रीनाथ मेकॅनिक अजून फ्रीगंजात आहे. हवं तर जाऊन विचार.

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. भैरवगढच्या रस्त्याला मीरावहिनींची रोपवाटिका आहे. त्यांचा नवरा आल्हाद हा श्रीनाथचा शाळेपासूनचा दोस्त. दिवाळीआधी हार्ट अटॅकनं गेला. तेव्हापासून त्याचा छोटा ट्रॅक्टर अंगणात तसाच उभा. शेवटी वहिनींनी तो नानाखेड्यातल्या एकाला विकला.

"श्रीनाथभावजी, तुम्हीच न्या. दुसऱ्या कुणी नेलेला मला बघवायचा नाही."

दिवसभर गॅरेजात राबून श्रीनाथ पोचला, तोवर अंधार पडला होता. इंजिन काही केल्या सुरू होईना. हा ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर नाहीत, तेलाच्या दाबावर चालतो. धक्का मारून चालू होत नाही. ओढत न्यायचा तर मागची बायपासची दांडी बाहेर ओढायची, तेव्हा कुठे चाकं मोकळी होतात. त्यानं ती ओढली, ओढायला सोबत आणलेल्या गोपाळच्या मोठ्या ट्रॅक्टरला साखळी बांधली आणि स्वतः मागे आल्हादच्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसला.

थोडं पुढे गेले. साखळी ताणली. चाकं जाम.

"ब्रेक छोड़ो, भिया!" गोपाळ ओरडला.

"पैर ऊपर हैं मेरे."

उतरून पाहिलं. दांडी आत गेलेली. पुन्हा ओढली, जरा सरकले... पुन्हा जाम. या खेपेला त्यानं उतरून दांडी बाहेर ओढली आणि हातात घट्ट धरून ठेवली.

आतून कुणीतरी ती ओढत होतं. हळूहळू... माणसाच्या जोरानं.

त्यानं हात सोडला. दारात वहिनी उभ्या होत्या.

श्रीनाथ मटकन मातीतच बसला. भ्यायलाही अंगात त्राण नव्हतं.

"आल्हाद," तो म्हणाला, "वहिनी रोज संध्याकाळी या सीटकडे बघत बसतात रे. धड जेवत नाहीत. जाऊ दे ना आता..."

वारा नाही.

टक्.

दांडी बाहेर आली. साखळी सैल पडली. ट्रॅक्टर... आपणहून सरकत होता. श्रीनाथनं कशीबशी सीटवर उडी घेतली, स्टिअरिंग धरलं. मागे पाहिलं नाही. फाटकाबाहेर पडल्यावर साखळी पुन्हा ताणली, आणि गोपाळनं नानाखेड्यापर्यंत गुपचूप ओढत नेला.

सकाळी वहिनींचा फोन आला. अंगणाच्या मातीत, चाकांच्या दोन खुणांमधून, अनवाणी पावलं उमटली होती. जड काही ढकलताना रुततात तशी. बोटं खोल गेलेली, टाचा नाहीतच.

फाटकापर्यंत होती. पुढे... काही नाही.