बेटावरची उचकी

मुलांनो, एक कल्पना करून बघा. डोळे मिटायची गरज नाही, उघडेच राहू द्या. समजा, तुम्ही अंगणात उभे आहात आणि आई घरात आहे. तुम्ही "आई" अशी हाक मारलीत. ती हाक दारातून आत पोहोचायला अकरा मिनिटे लागली. आईने तत्काळ "ओ" दिली, पण ती तुमच्यापर्यंत यायला आणखी अकरा मिनिटे. एका साध्या हाकेला बावीस मिनिटे! तोवर हाक कशासाठी मारली होती, हेही तुम्ही विसरून गेलेले असाल.

आता हे अंगण केवढे असेल ते काढा. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो आणि निरोप त्याच वेगाने जातात, त्याहून जास्त वेगाने नाही. अकरा मिनिटांचे सेकंद करा, तीन लाखांनी गुणा. जवळजवळ वीस कोटी किलोमीटर. मनवा चौगुले नावाच्या दहा वर्षांच्या मुलीची आई त्या दिवसांत एवढ्या अंगणापलीकडे होती.

तिची आई, ऋतुजा, 'दूरयात्री' यानावर पाणी शुद्ध करणारी यंत्रे सांभाळत होती. यान लघुग्रहांकडे निघाले होते आणि परतायला तीन वर्षे होती. मनवा मिरजेत बाबांजवळ राहायची आणि शाळा सुटली की दप्तरासकट मामाच्या खोलीवर यायची.

हेरंबमामा व्हिडिओगेम बनवायचा. त्याची कंपनी म्हणजे दोन माणसे. खेळ रचणारा तो, आणि त्यातले गणित करणारी नसीमा अत्तार. खाली सतारी बनवणाऱ्यांची दुकाने होती. दिवसभर कोणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून बघत असे आणि वर हे दोघे एकच उडी पुन्हा पुन्हा मारून बघत असत. उडी अर्धा क्षण लांबली तर खेळ जड वाटतो, अर्धा क्षण आखूड झाली तर पोरकट वाटतो. एका उडीवर दोन आठवडे घालवणारी ही माणसे.

मनवा त्यांची परीक्षक. दुनियेतल्या एकेकट्या माणसांनी घरी बसून बनवलेले छोटे छोटे खेळ ती खेळे आणि वहीत अभिप्राय लिही. 'कंदील' नावाच्या खेळात एकाने दिवा धरायचा आणि दुसऱ्याने गुहेत चालायचे. त्याबद्दल तिने लिहिले होते, "आईचा दिवा वळेपर्यंत मी तीनदा खड्ड्यात. खेळ चांगला आहे, पण शेजारी बसलेल्यांसाठी आहे." 'गळ'बद्दल होते, "मासा मिळण्यापेक्षा वाट बघणं जास्त छान. पाण्याचा आवाज ज्यांनी केला त्यांना शंभर मार्क." आणि 'पतंगांचं गाव'बद्दल, "शेवट घाईत उरकलाय. बनवणाऱ्याला बहुतेक जेवायला बोलावलं असेल." हेरंबला मोठमोठ्या समीक्षकांपेक्षा या वहीची धास्ती जास्त.

ती 'कंदील'वाली नोंद वाचूनच त्याने 'बेट' रचायला घेतले होते. वीस कोटी किलोमीटरवरून दोघींना एकत्र खेळता यावे, एवढीच त्याची इच्छा होती. ऋतुजा त्याची धाकटी बहीण होती.

"पण मामा, प्रकाशाला पळवणार कसं तुम्ही?" मनवाने तेव्हा विचारले होते.

"पळवायचं नाहीच," नसीमा म्हणाली. ती शाळेत खो-खो खेळलेली. "पाठलाग करणारी पोरगी काय करते? पळणारी कुठे आहे ते बघत नाही, कुठे जाईल ते बघते. तुझी आई रोज कशी खेळते ते आपलं यंत्र शिकेल. मग तुझ्या पडद्यावर जी आई फिरेल ती खरी नसेल. यंत्राने बांधलेला अंदाज असेल. आम्ही तिला पूर्वछाया म्हणतो."

"म्हणजे खोटी आई?"

"अंदाजाची आई. खरी आई त्याच वेळी तिकडे खेळत असते. तिच्या खेळी अकरा मिनिटांनी येतात. यंत्र दोन्ही ताडून बघतं. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर खरं असेल तसं करून टाकतं. आणि तिच्या पडद्यावर तुझीही अशीच पूर्वछाया."

'बेट' साधा खेळ होता. चार बाजूंनी समुद्र, मधे विहीर. ऋतुजा झाडे लावायची, मनवा किनाऱ्याने दगडांची भिंत बांधायची. रोज पाच ते सहा, दोघींच्या घड्याळांत एकाच वेळी. मनवाच्या पडद्यावरची आई झाडांना पाणी घालत असे आणि अचानक पडदा हलके हिसका देई. आई झाडांपाशी नाहीच, ती टेकडीवर चढून बसलेली! किंवा फणस लावलेला दिसे, आणि हिसक्यानंतर तिथे फणसाऐवजी भोपळ्याचा वेल.

मनवाने या हिसक्याला नाव दिले होते, उचकी. कोणी आठवण काढली की उचकी लागते, हे तिला घरीदारी सगळ्यांनी सांगितलेले. पडदा हलला की ती ओरडे, "लागली! काढली आईने आठवण!" तासाभरात दहा-अकरा उचक्या लागत. भोपळ्याच्या दिवशी ती इतकी हसली, की खालून सतारवाल्या काकांनी हाक देऊन विचारले, काय झाले म्हणून.

अंतराळ संस्थेला 'बेट' आवडले. यानावरच्या सगळ्यांच्या घरी ते द्यायचे ठरत होते, पण एक अडचण होती. चाचणीसाठी खेळून बघणाऱ्या इतर घरच्यांना तो हिसका खुपत होता. "खेळ अडखळतो," असे पत्र आले. हेरंबला ते मनोमन पटले. अर्ध्या क्षणाच्या उडीवर दोन आठवडे घालवणाऱ्या माणसाला अडखळणे कसे सोसेल? दोघे कामाला लागले. ऋतुजाच्या दोन महिन्यांच्या खेळी यंत्राला शिकवल्या आणि सातवी आवृत्ती तयार झाली. पहिल्या आठवड्यात उचक्या दहावरून तीनवर आल्या. दुसऱ्या आठवड्यात एकावर. मग नऊ दिवस एकही नाही.

दहाव्या दिवशी मनवा आल्या आल्या हेरंबने तिची वही मागितली. तिने ती दप्तरातून काढून दिली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. वहीत एकच ओळ होती.

"नवा खेळ गुळगुळीत आहे. आई येत नाही."

"अगं, येत नाही काय?" हेरंब हसला. "हे बघ, नोंद आहे. काल पाच ते सहा पूर्ण तासभर खेळली. परवाही. एक दिवस चुकलेला नाही."

"मग मला का दिसली नाही?"

"समोर तर होती!"

"ती तुमची होती, मामा. अंदाजाची."

"हो, पण अंदाज अचूक होता ना. खऱ्या खेळी आल्या, ताडून बघितल्या, सगळ्या जुळल्या. म्हणजे तुला दिसलं ते खरंच तिने केलं होतं."

मनवा खिडकीतून वळली. "आणि ती खेळायला बसलीच नसती तर? झोपून राहिली असती तर?"

"तर अकरा मिनिटांनी कळलं असतं."

"तुम्हाला, नोंदीत. मला काय वेगळं दिसलं असतं?"

हेरंबने नसीमाकडे बघितले. गणिताच्या प्रश्नांना उत्तर देणे तिचे काम.

"सांग की," नसीमा त्याला म्हणाली. मग तीच मनवाकडे वळली. "पहिली अकरा मिनिटं काहीच वेगळं दिसलं नसतं, मनू. तुला दिसतं ते सगळं या खोलीतल्या यंत्रातलं. तिकडून खरोखर काही येतं ते एकच, दुरुस्ती. आमचा अंदाज जिथे चुकतो, तेवढीच आई येते."

"आणि तुम्ही चुकतच नाही."

"नऊ दिवस नाही."

हेरंबला बहिणीचे कालचे पत्र आठवले. त्याने ते वरवर वाचून बाजूला ठेवले होते. आता त्याने ते उघडले आणि मोठ्याने वाचले.

"दादा, खेळ फार सफाईदार झालाय. मनू हल्ली किती शहाण्यासारखी भिंत बांधते! मला वाटतं तसाच दगड, वाटतं त्याच जागी. एक विचारू? रागावू नकोस. ती खरंच बसते ना रे खेळायला? की कंटाळली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही नुसतं यंत्र चालू ठेवता?"

मनवाचा चेहरा पडला. "तिलापण असंच वाटतं?"

"तिच्याकडेही हिसके बंद झालेत ना," हेरंब म्हणाला. मग घाईघाईने खुर्ची पुढे ओढून बसला. "सोपं आहे. सहावी आवृत्ती परत लावू. ती चुकायची. दोघींना उचक्या परत मिळतील. संस्थेचं मी बघतो."

"नाही मिळणार," नसीमा म्हणाली.

"का?"

"मी सकाळी तेच करून बघितलं. जुनी सहावी आवृत्ती काढली आणि तिला या नऊ दिवसांच्या खेळी दिल्या. दोघींच्याही." तिने त्याच्यासमोर कागद सरकवला. "तिच्याही चुका शून्य."

हेरंबने कागद उलटसुलट करून पाहिला. "कसं शक्य आहे? ती तर तासाला दहा वेळा चुकायची."

"ती तेवढीच अडाणी आहे. या दोघी बदलल्या." नसीमाने चष्मा काढला. "आपल्याला वाटलं, आपलं यंत्र हुशार झालं. हो, थोडं झालं. उचक्या दहाच्या तीन झाल्या, तिथवर आपलं काम. पुढचं यांनी केलं. विचार कर ना. पूर्वछाया कधी नवीन काही करत नाही, आधी बघितलेलंच करते. रोज समोर तीच आई, तेच पाणी, तीच झाडं. मग ही नवीन काय करणार? दगडावर दगड. आणि हिची सरळ भिंत बघून ऋतुजा तिकडे एका ओळीत झाडं लावते. आधी भोपळा का लावला होता तिने? मनूने त्या दिवशी विहिरीवर छप्पर टाकलं होतं म्हणून. त्याच्यावर वेल चढवायला. एकीचं वेडेपण दुसरीला पोहोचत होतं, म्हणून दोघी वेड्यासारख्या खेळत होत्या. आपण ते पोहोचणं कमी केलं. पोहोचणं कमी झालं तशा दोघी सरळ झाल्या, आणि सरळ झाल्या म्हणून उरलेलंही संपलं."

हेरंबने दोन्ही हातांनी कपाळ धरले. पंचवीस वर्षे त्याने लोकांसाठी खेळ रचले होते, आणि खेळ खेळणाऱ्यालाही रचत असतो, हे त्याला कोणी सांगायला हवे होते असे नाही. तरीही त्याने स्वतःच्याच भाचीला आणि बहिणीला एकमेकींपासून इतक्या मऊ हाताने वेगळे केले, की आवाजसुद्धा झाला नाही.

"आपण मुद्दाम हिसके घालू शकतो," तो हळूच म्हणाला. "अधूनमधून. तासाला आठ-दहा. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल," मनवा म्हणाली. "आत्ताच कळलं की. तुम्ही माझ्यासमोर बोलताय, मामा."

नसीमाला हसू आवरले नाही. हेरंबलाही थोडे हसू आले, पण डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही. समोर दहा वर्षांची मुलगी उभी होती, तिला आईविना तीन वर्षे काढायची होती, आणि देण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हते. प्रकाशाला तो पळवू शकत नव्हता. खरे सांगायचे तर त्याच्या हातून काही सुधारणेच आता शक्य नव्हते. यंत्राला चूक करायला लावणे त्याच्या हातात नव्हते. ते दोनच माणसांच्या हातात होते.

"मनू," तो म्हणाला, "नसीमामावशी काय म्हणाली ते समजलं तुला?"

"हो. मी शहाण्यासारखी खेळले की मी तिच्याकडे पोहोचत नाही."

घड्याळात पाच वाजले. वीस कोटी किलोमीटरवर ऋतुजाही आत्ता पडद्यासमोर बसली असेल. मनवाने खुर्ची ओढली. बेटावर ऊन पडले होते. अंदाजाची आई विहिरीतून पाणी काढून झाडांच्या ओळीकडे निघाली. मनवाची भिंत किनाऱ्याने अर्ध्या बेटाला वळसा घालून गेलेली होती, एकसारखी, सुरेख.

मनवाने तिच्यातला एक दगड उपसला.

"अगं, महिनाभराचं काम!" हेरंबच्या तोंडून निघून गेले. नसीमाने त्याचा हात धरला.

दगड उचलून मनवा वाळूवरून चालत पाण्याशी गेली. समुद्रात कोणी कधी उतरले नव्हते. तो फक्त दिसण्यासाठी होता. हेरंबने त्यात कोणाला उतरण्यापासून अडवले नव्हते इतकेच. तिने दगड उथळ पाण्यात ठेवला. तो बसला. मग दुसरा आणला, त्याच्यापुढे ठेवला. तिसरा. किनाऱ्यापासून आत, उघड्या समुद्राकडे, जिकडे काहीच नव्हते तिकडे. पूर्वछाया मागे झाडांना पाणी घालत राहिली. मनवाने असे काही केले की आई काय करते, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

चौथा दगड मनवाने जरा पुढे ठेवला, मधे एका दगडाएवढी जागा सोडून.

"चुकलं का गं?" हेरंबने विचारले. "पुढे जाता नाही यायचं तुला."

"चुकलं नाही. तो आईने ठेवायचाय."

पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. नसीमाने मनातल्या मनात अकरात अकरा मिळवले. पाच बत्तीसच्या आधी तिकडून उत्तर येणे शक्य नव्हते. मनवा तिसऱ्या दगडावर गेली, त्या रिकाम्या जागेच्या अलीकडे मांडी घालून बसली, आणि तिने हातातले बटणांचे यंत्र काढून टेबलावर ठेवून दिले.