भोंगा आणि निळा पडदा

भर दुपारी भोंगा कोकलायला लागला आणि ठिणगीच्या हातातला चहा तिच्याच अंगावर सांडला. काकाच्या गॅरेजात गाड्यांचे अलार्म दुरुस्त करायचं काम तिचं. दिवसभर वायरींशी खेळ आणि जीभ तिखट, म्हणून काकानंच हे नाव ठेवलेलं. ती तरातरा बाहेर आली. समोरच्या मैदानात एक फिरतं घर उभं होतं. आत बिछाना, शेगडी, सगळा संसार असलेली मोठी पांढरी गाडी. आणि खिसे उलटेपालटे करत किल्ली शोधणारा एक उंच माणूस!

"चोर शिरलाय का?" तिनं ओरडून विचारलं.

"चोराची काय बिशाद! मी नुसता पाव आणायला गेलो होतो हो. कुलूप लावून वळलो की हा सुरू. तीन गावांतून हाकललंय मला."

तो चष्मेवाला होता. गावोगाव फिरून गाडीतच लोकांचे डोळे तपासायचा. आत महागाची यंत्रं, त्यामुळे गाडी अलार्मशिवाय सोडायची त्याची छाती होत नव्हती.

"एवढं दुरुस्त झालं की निघालोच मी," तो म्हणाला. का कोण जाणे, ठिणगीला ते मुळीच आवडलं नाही.

काकाचा नियम होता – खोटा अलार्म पकडायचा तर दिवसाला एकच सेन्सर बंद करायचा आणि वाट बघायची. गाडीत सेन्सर पाच. एक दाराला, दोन खिडक्यांना, एक छताच्या झडपेला आणि शेवटचा आतली हालचाल टिपणारा. ठिणगीनं पहिल्याच दिवशी वर पाहिलं. झडपेतून वारा येत होता आणि उन्हानं तापलेला निळा पडदा त्या शेवटच्या सेन्सरसमोर मजेत डुलत होता.

तिनं सुरुवात दारापासून केली.

मग रोज गाडीला कुलूप घालून दोघं गॅरेजच्या पायरीवर भोंग्याची वाट बघत बसायची.

"तोवर तुमची नजर तपासू?" त्यानं खिशातून भिंग काढलं.

"मला सगळं नीट दिसतं."

"सगळं...?"

तिनं मान खाली घातली. तेवढ्यात मेला भोंगा वाजला!

पाचव्या दिवशी मात्र सांगावंच लागलं. "पडदा तिथे लावू नका. त्याच्यामुळेच वाजतो."

त्यानं पडदा काढला, सावकाश घडी घातली. ती फोनमध्ये बघत म्हणाली, "अलार्म वाजला की दोन नंबरांवर निरोप जातो. दुसरा कुणाचा टाकू?"

"माझं असं कुणी नाही... तुमचाच टाका."

स्वतःचा नंबर टाकताना ती दोनदा चुकली. 'थांबा' हा शब्द अगदी ओठांवर आला होता – पण गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मग फोन गप्प. एक आठवडा, दोन आठवडे. अलार्म बंद करून पोट भरणारी ही पोरगी, आता एक अलार्म वाजावा म्हणून देव पाण्यात घालून बसली होती!

"चोख काम केलंस गं, एक तक्रार नाही," काका कौतुकानं म्हणाला. तिला रडूच आलं.

बाविसाव्या दिवशी फोन थरथरला. 'आत हालचाल.' दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"पडदा परत लावलात?"

"लावला."

"तिथे लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"म्हणून तर तिथेच लावला. तीन दिवस वाजवतोय. तुम्ही फोन आज केलात..."

ठिणगी भडाभडा बोलून गेली. "मलाही एक सांगायचंय. तो पडदा मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. पाच दिवस लागायची गरज नव्हती... तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं."

पलीकडे भोंगा अजून कोकलतच होता.

"नजर खरंच चांगली आहे तुमची," तो हळूच म्हणाला. "आता किती दिवस लागतील दुरुस्तीला?"

"काकाचा नियम आहे. दिवसाला एकच सेन्सर."

"मग मी आणखी दहा-बारा बसवून घेतो," तो म्हणाला, आणि त्या भोंग्याच्या गोंगाटातही गाडी सुरू झाल्याचं तिला स्वच्छ ऐकू आलं.